‘नर्व्हस’ कोणाला म्हणावे?

गेल्या सप्टेंबरात आम्ही लेकीकडे सिंगापूरला होतो. ती ज्या भागात राहते आणि नोकरीही करते त्याचे नाव वन-नॉर्थ. पहिल्यांदा ऐकले तेव्हा एखाद्या गल्लीचा नंबर असावा असे आम्हांस वाटले. पण अर्थ साधा आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एक अंशावर वसलेले आहे, म्हणून ‘एक-उत्तर’. बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद ह्या वास्तुशिल्पी बाईंच्या कार्यालयाने २००१ साली ह्या सुमारे २०० हेक्टर जागेचा आराखडा करून दिला. २००३ मध्ये तेथे बायोपोलिस नावाचा प्रयोगशाळांचा समूह उघडला, आणि २०११ पासून जमिनीखालून धावणाऱ्या सर्कल लाईनवर ह्याच नावाचे स्टेशनही आहे. इतक्या प्रयोगशाळा असूनही झाडे भरपूर. संध्याकाळी पाऊस पडून गेला की मातीचा वास थेट कोकणातल्यासारखा येतो.

आमचा नातू बारा वर्षांचा, सहावीत. सिंगापुरात सहावीच्या अखेरीस सर्व मुलांना पी.एस.एल.ई. नावाची परीक्षा द्यावी लागते. १९६० पासून ती चालू आहे आणि तिच्या निकालावर पुढची शाळा ठरते. घरात त्या परीक्षेखेरीज दुसरे बोलणे नव्हते. परीक्षेला चार दिवस उरले असता आम्ही दोघे फिरावयास निघालो. बायोपोलिसमधील इमारतींना ग्रीक वळणाची नावे आहेत: नॅनोस, प्रोटिओस, क्रोमोस, हेलिओस. त्यांपैकी एकीवर ‘न्यूरोस’ अशी अक्षरे आहेत. नातू तिथेच थांबला.

“आजी, हे नर्व्हससारखं दिसतं ना?”

आम्ही म्हणालो, “हो, एकाच घराण्यातला शब्द आहे.”

“सगळे म्हणतात मी नर्व्हस आहे. टीचर म्हणते, आई म्हणते. तू नर्स होतीस ना? मग सांग, नर्व्हस म्हणजे माझ्यात काय बिघडलंय?”

“काही बिघडलेलं नाही रे,” असे आम्ही चटकन म्हणून टाकले. पण चाळीस वर्षे रुग्णांना “काही नाही, घाबरू नका” असे सांगण्यात गेल्याने आम्हांस ठाऊक आहे की हे उत्तर नव्हे. प्रश्न बंद करण्याची ती एक युक्ती आहे. नातवालाही ते कळले असावे. तो गप्प राहिला. त्या रात्री आम्ही लेकीच्या कपाटातील जाडजूड कोश काढून बसलो. जे सापडले आणि त्यावरून जे आठवले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लॅटिन भाषेत ‘नर्व्हस’ म्हणजे शरीरातील दोरी: हाडाला मांस बांधून ठेवणारी शीर, कंडरा. धनुष्याच्या दोरीलाही तोच शब्द. ग्रीकमध्ये तिचेच नाव ‘न्यूरॉन’. आणि आपल्याकडे संस्कृतात ‘स्नायु’. हे तिन्ही शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातील मानतात, आणि ‘स्नायु’ ह्याचाही एक अर्थ धनुष्याची दोरी असाच आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील स्नायू ९०० सांगितले आहेत, आणि त्यांचे काम समजावण्यासाठी नावेचा दृष्टान्त दिला आहे. फळ्या पुष्कळ बंधनांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यावर माणसांचा भार वाहू शकते, तसे स्नायूंनी सांधे बांधले आहेत म्हणून माणूस भार सोसतो. ज्यांचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून नौगावच्या किनाऱ्याला लागले असे आपण परंपरेने सांगतो, त्या आपल्या लोकांना हा दृष्टान्त अधिक समजावून सांगावा लागू नये.

म्हणजे मुळात ‘नर्व्हस’ माणूस हा शिरा ताठ असलेला, बांधा घट्ट असलेला माणूस. इंग्रजीत हा शब्द आला तोही ह्याच अर्थाने. एखाद्याचा हात ‘नर्व्हस’ आहे म्हणजे बळकट आहे. लेखकाची शैली ‘नर्व्हस’ आहे म्हणजे जोमदार, पिळदार आहे. ही स्तुती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. आज कोणा लेखकाला असे म्हटले तर तो दुखावला जाईल.

ह्या दोरीची आणि भीतीची गाठ एका फार जुन्या गोष्टीतही पडते. बेरेशीथच्या पुस्तकात याकोब वीस वर्षांनी घरी परतत असतो. एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे अशी बातमी येते आणि याकोब फार भितो, कष्टी होतो. त्याच रात्री तो एकटा असताना कोणी एक पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झोंबी घेतो, त्याच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श करतो, आणि याकोबला ‘इस्राएल’ हे नाव मिळते. म्हणून बेने इस्राएल मांडीची ती शीर खात नाहीत, असे शास्त्र सांगते. लॅटिन बायबलमध्ये त्या शिरेला शब्द वापरला आहे तो ‘नर्व्हस’ हाच. लहानपणी आमची आई बकऱ्याची मांडी पाटावर घेऊन पांढरी शीर सुरीच्या टोकाने सोडवून काढी, तेव्हा आम्ही जवळ बसून पाहत असू. पुढे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी कुल्ल्यावर इंजेक्शन द्यावयास शिकलो. मनात चार भाग पाडावयाचे आणि सुई वरच्या, बाहेरच्या भागातच टोचावयाची. का, तर आत खोल तीच शीर असते, सायॅटिक नर्व्ह. तिला धक्का लागला तर माणूस लंगडतो, याकोब लंगडला तसाच. आई जी शीर काढीत होती तिला आम्ही आयुष्यभर जपून चुकवीत आलो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जो भ्याला त्यालाच त्या रात्री नवे नाव मिळाले. भीती वाटली म्हणून ते नाव नाकारले गेले नाही.

मग बळकटीचा हा शब्द भित्रेपणाकडे घसरला कसा? ह्याला कारण बव्हंशी आम्हा वैद्यकवाल्यांची जमात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा हेरोफिलस ह्याने शवविच्छेदन करून दाखविले की, ज्यांना सरसकट ‘न्यूरॉन’ म्हणत त्यांतील काही दोऱ्या हाडे बांधीत नाहीत, त्या मेंदूकडून संवेदना आणि हालचाल वाहतात. नाव मात्र जुनेच राहिले. १६६४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिस ह्याने मेंदूच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर डॉक्टर मंडळी प्रत्येक उदासीचे, धडधडीचे, निद्रानाशाचे मूळ ह्या तंतूंत शोधू लागली. १७३३ साली जॉर्ज चेन ह्या डॉक्टराने ‘इंग्लिश मॅलडी’ नावाचे पुस्तक काढले. इंग्लंडमधील सुस्थितीतल्या लोकांच्या तक्रारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश तक्रारी तंतूंच्या आहेत असा त्याचा हिशेब होता. सुस्थितीतल्या लोकांच्या, हे ध्यानात घ्यावे. ज्याचे तंतू नाजूक तो बुद्धिमान, हळवा, घरंदाज. मोलकरीण घाबरली तर ती नुसती घाबरट. मालकीण घाबरली तर तिला ‘नर्व्ह्ज’चा त्रास.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश निघाला. त्यात ह्या शब्दाचे तीन अर्थ ओळीने दिले आहेत. पहिला बळकट, जोमदार. दुसरा तंतूंविषयीचा. तिसरा अर्थ, तंतू दुबळे वा रोगट असलेला. आणि त्यापुढे जॉन्सनने शेरा मारला आहे की ही डॉक्टरांची बोली आहे. एकाच शब्दाच्या पोटात बळकट आणि दुबळा असे दोन्ही अर्थ एकाच पानावर नांदत होते! पुढे तिसरा अर्थ वाढत गेला आणि त्याने पहिल्याला घराबाहेर काढले. पण पहिल्याच्या खुणा राहिल्या आहेत. इंग्रजीत आजही एकवचनी ‘नर्व्ह’ म्हणजे धैर्य आणि अनेकवचनी ‘नर्व्ह्ज’ म्हणजे घाबरगुंडी. धीर खचविणे ह्याला ‘अननर्व्ह’ म्हणतात, म्हणजे दोरी काढून घेणे. आपले ‘हातपाय गळाले’ काय निराळे सांगते?

इंग्रजीतील दुसरा शब्द ‘कावर्ड’. त्याची उत्पत्ती लॅटिनमधील शेपटीच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे झाली आहे. आपणही म्हणतो, अमक्याने शेपूट घातले. ह्या शब्दात पहिल्यापासून हेटाळणी आहे, दुसरे काही नाही. ‘नर्व्हस’ची गोष्ट तशी नाही. तो शब्द पडत गेला आणि पडताना माणसांवरही पडला.

कसा, ते पहिल्या महायुद्धात दिसले. खंदकांत तोफांच्या माऱ्याखाली सैनिक थरथरू लागले, मुके झाले, झोपेत किंचाळू लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टराने ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हे नाव वापरले. अधिकारी असेल तर बहुधा ‘न्यूरास्थेनिया’ लिहीत, म्हणजे तंतूंचा थकवा, आणि त्याला विश्रांतीस पाठवीत. साध्या शिपायाच्या कपाळी पुष्कळदा ‘हिस्टेरिया’ येई. आणि काहींच्या वाट्याला डॉक्टर आलाच नाही. लष्करी न्यायालय आले. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ज्यांना पहाटे गोळ्या घातल्या त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायद्याने माफी देण्यात आली. नव्वद वर्षांनी. वन-नॉर्थमधील ती न्यूरोस इमारत उघडली तेही २००६ सालीच. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काही नाही, हे आम्हांस कळते. पण त्या पाटीखाली उभे असता मनात आले की, ह्या तंतूंचे ज्ञान जर त्या पहाटेंपूर्वी आले असते! मग वाटले, ज्ञान थोडेफार होतेच. कोणाला कोणते नाव द्यावयाचे, एवढाच प्रश्न होता.

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. मुंबईच्या मराठीत ‘नर्व्हस’ केव्हाच रुळला आहे, पण अर्थ किंचित सरकून. “आज नर्व्हस का दिसतेस?” असे आपल्या बायका विचारतात तेव्हा त्यांना “घाबरलीस का?” असे म्हणावयाचे नसते, “खिन्न का?” असे म्हणावयाचे असते. मराठीचा स्वतःचा ‘स्नायू’ तिसरीकडेच गेला. आज शाळेतल्या पुस्तकात स्नायू म्हणजे मांसपेशी, आणि त्या तंतूंना ‘मज्जातंतू’ हा निराळा शब्द आहे. इस्राएलमध्ये यावे तर हिब्रूत तंतूला म्हणतात ‘अत्साब’ आणि त्यावरून विशेषण ‘अत्स्बानी’. कोशात पाहिले तर ‘नर्व्हस’ला हाच प्रतिशब्द मिळतो. पण बाजारात, बसमध्ये, कचेरीत ‘अत्स्बानी’ म्हणजे चिडका, डोक्यात राख घालून घेणारा. इंग्रजीत भीती, मराठीत खिन्नता, हिब्रूत राग. दोरी एकच, आणि तीन घरी तिला तीन गाठी.

ह्या तीन गाठींत आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती आजवर आम्ही कोणास सांगितली नाही.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. आमचे शालेय शिक्षण मुंबईला मराठीत झालेले, नर्सिंग इकडे येऊन शिकलेले. हिब्रू बोलता येई, पण मनात शब्द आधी मराठीत उमटे, मग मुंबईच्या इंग्रजीत, मग हिब्रूत. आमच्या वॉर्डात आपल्या समाजातील एक वृद्ध गृहस्थ आले. सत्तरीचे, अलिबागेकडचे, मुलाकडे नुकतेच आलेले. हिब्रू शालोमपलीकडे येत नव्हती. दुसऱ्या दिवशी पोटाची शस्त्रक्रिया होती. संध्याकाळी आम्ही रक्तदाब घ्यावयास गेलो तेव्हा त्यांनी आमचा हात धरला आणि हळूच म्हणाले, “बाय, मना भेव वाटतंय गो.” आम्ही थोडे बसलो, एलियाहू हन्नबीचे नाव घ्या म्हणालो, आणि कामाला गेलो.

रात्री अकराला पाळी बदलताना रात्रीच्या नर्सला प्रत्येक रुग्णाविषयी सांगावे लागते. त्यांच्या खाटेपाशी येताच आमच्या मनात ‘भेव’चे ‘नर्व्हस’ झाले आणि ‘नर्व्हस’चे, कोशाप्रमाणे, ‘अत्स्बानी’. तेवढे एकच वाक्य बोलून आम्ही पुढच्या खाटेकडे वळलो. बसची वेळ झाली होती.

रात्रीची नर्स वाईट नव्हती. तिने ऐकले ते असे की, हा म्हातारा चिडखोर आहे. अशा रुग्णाला जे करतात ते तिने केले: त्याच्या वाटेस गेली नाही. त्यांनी दोनदा घंटा दाबली. ती आली, भाषा कळेना, त्यांचा आवाज चढलेला. तिला वाटले, सांगितले तसेच आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरला विचारून झोपेचे औषध दिले आणि दिवा मालवला.

सकाळी आम्ही आलो तेव्हा ते स्ट्रेचरवर होते. आम्हांस पाहून म्हणाले, “रातभर मी काय गुन्हा केला होता गो? कोणी दोन शब्द बोललं नाय.” शस्त्रक्रिया उत्तम झाली. दहा दिवसांनी ते मुलाबरोबर चालत घरी गेले. जाताना आमच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, कारण काय घडले ते त्यांना कळलेच नव्हते. ते फक्त आम्हांस ठाऊक होते, आणि आम्ही मुख्य नर्सला सांगितले नाही, त्यांनाही सांगितले नाही. कोणी म्हणेल, एवढेसे काय? माणूस बरा होऊन गेला ना! खरे आहे. पण एका वृद्धाने आपल्या भाषेत, आपल्या माणसापाशी भीतीची ठेव ठेवली होती, आणि आम्ही ती दुसऱ्या नावाने जमा केली. ती रात्र त्यांना एकट्याने काढावी लागली, ती शत्रूमुळे नव्हे. आम्ही दिलेल्या विशेषणामुळे.

त्या दिवसापासून आम्ही रुग्णाविषयी सांगताना विशेषण टाळू लागलो. ‘अमका असा आहे’ असे न म्हणता ‘अमक्याला ह्या गोष्टीची भीती वाटते’ असे म्हणू लागलो. वाक्य दोन शब्दांनी लांबते, पण ऐकणाऱ्या नर्सला काय करावयाचे ते कळते. अंधाराची भीती असेल तर दिवा ठेवावा. भूल दिल्यावर जाग न येण्याची असेल तर भूलतज्ज्ञाला बोलवावे. घरी एकट्या राहिलेल्या बायकोची असेल तर टेलिफोन जवळ आणावा. ‘नर्व्हस’वर मात्र एकच उपाय सुचतो, गोळी.

सिंगापुरात ह्याच्या उलटी गंमत पाहिली, तीही सांगावी. तेथील लोकांनी इंग्रजीला भीतीचा एक स्वतःचा शब्द दिला आहे: ‘किआसू’. मूळ चिनी भाषेच्या हॉक्कियन बोलीतले. ‘किआ’ म्हणजे भिणे, ‘सू’ म्हणजे हरणे. मागे पडण्याची भीती. रांगेत आधी नंबर लावणारा, फुकट मिळते म्हणून ताट भरून घेणारा, मुलाला तीन-तीन शिकवण्या लावणारा तो किआसू. १९९० साली ‘मिस्टर किआसू’ नावाचे विनोदी चित्रपुस्तक निघाले आणि सारा देश स्वतःला हसला. २००७ साली हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात गेला. पण हसता हसता शब्दाचा डंख बोथट झाला. आता तिथे लोक “आम्ही किआसू आहोत” असे काहीशा अभिमानाने सांगतात. म्हणजे आम्ही सावध, मेहनती, गाफील न राहणारे. आमची लेकही एकदा म्हणाली, “आई, इथे थोडं किआसू असावंच लागतं.” ‘नर्व्हस’ बळाकडून भीतीकडे खाली आला, ‘किआसू’ भीतीकडून सद्गुणाकडे वर चालला आहे. भीती मात्र होती तेथेच आहे. एकीला आपण दुबळेपणा म्हणतो, दुसरीला कर्तबगारी. जी भीती कामाला जुंपता येते तिला समाज मान देतो. जी नुसती खाटेवर पडून हात धरते तिची त्याला अडचण होते.

येथे वाचक विचारतील, मग काय, भीतीची आरती ओवाळावयाची? प्रसंगी धीर नको? हवाच. रक्त वाहत असता ज्या नर्सचे हातपाय गळतात तिचा उपयोग नाही, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. पण हेही पाहिले आहे की, जिला औषधाची मात्रा मोजताना कधीच भीती वाटत नाही तिच्या हाती औषधाच्या कपाटाची किल्ली देऊ नये. ताण नसलेल्या दोरीने बाण सुटत नाही; ताण फार झाला तर ती तुटते. तेव्हा भीती असावी की नसावी हा प्रश्नच नव्हे. ती आहेच. जो भ्याला आहे त्याच्याशी इतरांनी कसे वागावे, हा प्रश्न आहे.

ह्याचे उत्तर देवारीमच्या विसाव्या अध्यायात आहे असे आम्हांस वाटते. युद्धाला निघण्यापूर्वी अंमलदार लोकांना सांगतात: ज्याने नवे घर बांधले पण प्रवेश केला नाही त्याने परत जावे, ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखले नाही त्याने परत जावे, ज्याचे वाग्दान झाले पण लग्न झाले नाही त्याने परत जावे. आणि शेवटी, जो भित्रा व कच्च्या मनाचा आहे त्यानेही परत जावे, नाही तर त्याच्यासारखे त्याच्या भावांचेही मन विरघळेल. म्हणजे भीती सांसर्गिक आहे हे शास्त्र मान्य करते, तिचे लाड करीत नाही. पण भित्र्याला गोळीही घालीत नाही, घरी पाठविते. मिश्नाच्या सोटा ग्रंथात ह्यावर रब्बींची चर्चा आहे. रब्बी अकीवा म्हणतात, शब्दाचा अर्थ सरळ घ्यावा: ज्याला उपसलेली तलवार पाहवत नाही तो. रब्बी योसे हग्लिली म्हणतात, आपल्या पापांमुळे जो भितो तो. आणि म्हणूनच शास्त्राने घरवाला, मळेवाला, वाग्दत्त ह्यांना त्याच्यासोबत परतावयास सांगितले, की त्यांच्या आडोशाने तोही परतू शकेल. कोण कशासाठी परतला हे पाहणाऱ्याला कळू नये. ही सवलत ऐच्छिक युद्धापुरती आहे, जिवावरचे युद्ध असेल तर सर्वांनी निघावयाचे, हेही तेथेच सांगितले आहे. तरीही केवढी ही काळजी! घाबरलेल्या माणसाची लाज झाकण्यासाठी तीन धडधाकट माणसे सोबत चालती केली.

आणि याकोबच्या त्या रात्रीविषयी राशी काय म्हणतो? शास्त्रात दोन शब्द आहेत, ‘भ्याला’ आणि ‘कष्टी झाला’. राशी विचारतो, दोन का? आणि सांगतो: आपण मारले जाऊ म्हणून भ्याला, आपल्या हातून कोणी मारला जाईल म्हणून कष्टी झाला. हे आम्ही शाळेत असताना ऐकले होते. अर्थ म्हातारपणी कळला. राशीने याकोबला भित्रा म्हटले नाही, शूरही म्हटले नाही. त्याने फक्त विचारले, भीती कसली? आणि विचारले म्हणून एका भीतीच्या दोन झाल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा थोर निघाली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पहाटे उठून चहा ठेवला. नातू गणवेश घालून येऊन बसला, पाय हलवीत. लेक आतून म्हणाली, “बघ ना आई, किती नर्व्हस आहे!” आम्ही तिला काही म्हटले नाही. त्याच्या शेजारी बसून विचारले, “कसली भीती वाटते रे?”

“गणिताची,” तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. बिस्किट चहात बुडवून विरघळेपर्यंत धरून ठेवले. मग म्हणाला, “आणि माझा मित्र आहे ना, पहिलीपासून आम्ही शेजारी बसतो. त्याला गणित येत नाही. मला जास्त मार्क्स मिळाले तर शाळा वेगळी होईल. मग तो एकटा पडेल.”

ज्या घरात महिनाभर हरण्याच्या भीतीखेरीज बोलणे नव्हते, तेथे हा पोर जिंकण्याला भीत होता. कोणी विचारले नव्हते म्हणून सर्वांनी त्याला एकच शब्द चिकटविला होता. लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती आली आणि न बोलता त्याच्या दुसऱ्या बाजूस बसली.

आमच्याजवळ त्यावर तोडगा नव्हता, अजूनही नाही. शाळा कदाचित वेगळ्या होतील. आम्ही एवढेच म्हणालो, “गणिताची भीती पेपर हातात आला की उतरेल. दुसरी राहू दे.” मग तिघेही स्टेशनाच्या दिशेने निघालो.